मशीनवर पंजा नव्हता तेव्हा

(यवतमाळ येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'द्विपक्षीय पद्धत : उगम आणि विकास'. विषय वाचून मला शाळेतला नागरिकशास्त्राचा पेपर आठवला. मी इंजिनियर माणूस. पुसदला इंजिनियरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. राज्यशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. म्हणून सुरुवात पुस्तकातून न करता घरातून करतो. आमचं घर दारव्हा-दिग्रस भागातलं.

२६ एप्रिल २०२४, शुक्रवार. यवतमाळ-वाशिम लोकसभेचं मतदान. मी आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याहून आलो होतो. अब्बांना जुम्म्याच्या आधी मतदान उरकायचं होतं, म्हणून सकाळीच आम्ही शाळेत जाऊन रांगेत उभे राहिलो. अब्बांनी आयुष्यभर एकच चिन्ह ओळखलं, पंजा. उमेदवार कोण, हे त्यांनी क्वचितच विचारलं असेल. त्या दिवशी ते बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पंजा तो हैच नहीं मशीन पे."

त्यांना माहीत नव्हतं असं नाही. प्रचार ऐकला होता. पण ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. जागा महाविकास आघाडीत उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली होती. उमेदवार संजय देशमुख, चिन्ह मशाल. समोर एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेच्या राजश्री पाटील, चिन्ह धनुष्यबाण. म्हणजे अब्बांसमोर खऱ्या लढतीत दोन शिवसेना होत्या. माझे एक चाचा १९९३ च्या जानेवारीत मुंबईत बेकरीत कामाला होते. अंगावरच्या कपड्यांनिशी ते गावी परत आले. पुढचे तीन महिने आमच्या घरात शिवसेना हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे, असं अम्मी सांगते. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. तो आमच्या घरात कोणी वाचलेला नाही, वाचायची गरजही नव्हती.

अब्बांनी मशाल दाबली. परत येताना मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "दूसरा क्या दबाता?"

आता बघा, मशीनवर इतरही बरीच नावं होती. कायद्याने अब्बा त्यातलं कोणतंही बटण दाबू शकत होते. तरी त्यांना 'दुसरा' दिसलाच नाही. मला दिलेल्या विषयाचा अर्थ मी एवढाच घेतो की एवढ्या नावांमधून माणसाला फक्त दोनच का दिसतात.

याचं एक उत्तर मोजणीत आहे. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो निवडून येतो. अर्ध्याहून जास्त मतं लागत नाहीत, दुसऱ्यापेक्षा एक जास्त लागतं. दुसऱ्या क्रमांकाला काही मिळत नाही, तिसऱ्याला तर 'मतं खाल्ली' असा ठपका मिळतो. मोरिस द्युव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ च्या पुस्तकात म्हटलं की जिथे असं मोजतात तिथे राजकारण दोन पक्षांकडे सरकतं. कारणं दोन. एक, तिसऱ्याची मतं जागांमध्ये बदलत नाहीत. दोन, मतदाराला हे एकदा कळलं की तो पुढच्या वेळी तिसऱ्याकडे जातच नाही. आमच्या धंद्यात म्हणतात की प्रोग्रॅम तुमचा हेतू बघत नाही, लिहिलेलं तेवढंच करतो. ही मोजणी तशीच आहे. कोणी कट करून दोन बाजू बनवल्या नाहीत. नियम लिहिला, दोन बाजू बाहेर आल्या.

पण हा नियम फक्त 'दोन' म्हणतो. कोणते दोन, हे सांगत नाही. आपल्या यवतमाळ विधानसभेचंच घ्या. २०१४ मध्ये चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले. इथे पहिल्या क्रमांकावर भाजपचे मदन येरावार आले आणि दुसऱ्यावर शिवसेना. अंतर दीड हजारापेक्षाही कमी. २०१९ मध्ये पहिल्यावर पुन्हा येरावार, पण दुसऱ्यावर काँग्रेसचे बाळासाहेब मांगुळकर. २०२४ मध्ये तेच दोघे, फक्त क्रम उलटा झाला. गाव तेच, मोहल्ले तेच, दहा वर्षांत दुसरी बाजू बदलून गेली.

पुसदची गोष्ट तर मला फार आवडते. २०१९ ला तिथे राष्ट्रवादीकडून इंद्रनील नाईक आणि भाजपकडून निलय नाईक. दोघेही नाईक घराण्यातले. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, इंद्रनील अजित पवारांबरोबर गेले आणि २०२४ ला ते महायुतीचेच उमेदवार होते, म्हणजे भाजप त्यांच्याच बाजूला. पाच वर्षांपूर्वी ज्या कार्यकर्त्यांनी एकमेकांचे बॅनर फाडले असतील, ते एका गाडीत बसून प्रचार करत होते. कार्यकर्त्यांवर मी हसत नाही. नेता वळला की त्यांना वळावंच लागतं. मला एवढंच म्हणायचंय की 'ही आपली बाजू, ती त्यांची बाजू' असं आपण ज्या ठामपणे म्हणतो, तो ठामपणा नेत्यांमध्ये नसतो.

आणि हे आजचंही नाही. या जिल्ह्याचा इतिहास बघा. आपल्याकडे वसंतराव नाईक होऊन गेले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. तेव्हा दुसरा पक्ष नावापुरता होता. राजकारणाचे अभ्यासक रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये याला 'काँग्रेस पद्धत' म्हटलं. खरं भांडण काँग्रेसच्या आत व्हायचं, गटागटांत. बाहेर जांबुवंतराव धोटे होते, आपल्या यवतमाळचेच. १९७१ मध्ये, इंदिरा गांधींच्या लाटेत, हा माणूस फॉरवर्ड ब्लॉककडून नागपूरची लोकसभा जिंकला. १९८० मध्ये तेच धोटे त्याच नागपुरातून इंदिरा काँग्रेसकडून जिंकले. पुढे १९९५ ला विधानसभेत तब्बल ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर युतीचं सरकार उभं राहिलं. ज्यांना आमच्या अब्बांनी मशाल दाबून मत दिलं ते संजय देशमुख १९९९ मध्ये दिग्रसमधून अपक्ष म्हणूनच निवडून आले होते.

त्याच्याही मागे जा. वणीचे लोकनायक बापूजी अणे. १० जुलै १९३० ला पुसदला परवान्याशिवाय जंगलातलं गवत कापून त्यांनी सत्याग्रह केला, हे शाळेत शिकवतात. त्यांनी पक्षाच्या चौकटी किती वेळा मोडल्या, हे शिकवत नाहीत. कौन्सिलात जाऊन नुसता अडथळा आणायचा की मंत्रिपदं घेऊन काम करायचं, या वादात स्वराज पक्ष फुटला. १९२६ मध्ये अकोल्यात प्रतियोगी सहकार पक्ष निघाला, त्यात अणे होते. मग १९३२ चा जातीय निवाडा आला, म्हणजे मुसलमानांना आणि इतरांना वेगळे मतदारसंघ. काँग्रेसने तो ना स्वीकारला ना नाकारला. तेव्हा १९३४ मध्ये पंडित मालवीय आणि अणे यांनी काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला.

इथे मी थोडा थांबतो. हा दुसरा पक्ष कशावरून निघाला? मुसलमानांनी मत कसं द्यायचं, यावरून. आपल्याविषयीचं भांडण, पण भांडणारे दुसरेच. हे मला दूरच्या एका देशात अगदी हुबेहूब सापडलं, म्हणून ते सांगतो.

जगात दोन पक्षांची पद्धत पहिल्यांदा रुजली ती इंग्लंडमध्ये, असं सगळी पुस्तकं सांगतात. साल साधारण १६७९ ते १६८१. राजा दुसरा चार्ल्स. त्याला औरस वारस नाही, म्हणून त्याच्यानंतर भाऊ जेम्स गादीवर येणार. जेम्स कॅथलिक, देश प्रॉटेस्टंट. वाद पेटला की अल्पसंख्याक धर्माचा माणूस राजा होऊ शकतो का? त्याला वारसाहक्कातून काढा म्हणणारे ते व्हिग, काढू नका म्हणणारे ते टोरी. दोन्ही शब्द शिव्या होत्या. टोरी म्हणजे आयर्लंडमधले लुटारू, व्हिग म्हणजे स्कॉटलंडमधले बंडखोर. विरोधकांनी शिवी दिली आणि तीच पुढे पक्षाचं नाव झाली.

म्हणजे दोन पक्षांची ही पद्धत जन्मली तीच एका अल्पसंख्याक समाजाच्या प्रश्नावर. आणि त्या समाजाला त्या संसदेत बसायची परवानगीच नव्हती. १६७८ च्या कायद्याने कॅथलिकांना संसदेबाहेर काढलं होतं, ती बंदी १८२९ पर्यंत टिकली. दीडशे वर्षं दोन पक्ष कॅथलिकांबद्दल बोलत राहिले. कॅथलिकांशी नाही.

ते बदललं कसं? कॅथलिकांनी व्हिग आणि टोरींतला कमी वाईट कोण हे शोधून नाही. आयर्लंडमध्ये डॅनियल ओकॉनेल नावाच्या वकिलाने १८२३ मध्ये एक संघटना काढली आणि पुढच्या वर्षापासून महिन्याला एक पेनी वर्गणी ठेवली. एक पेनी, म्हणजे शेतमजुरालाही देता येईल इतकी. ती चर्चच्या दारात गोळा व्हायची. ज्याने पेनी दिली त्याला वाटायला लागलं की ही संघटना माझी आहे. १८२८ मध्ये क्लेअर परगण्याच्या पोटनिवडणुकीत ओकॉनेल स्वतः उभा राहिला आणि एका मंत्र्याला हरवलं. कायद्याने तो संसदेत बसू शकत नव्हता. सरकारसमोर पेच पडला. आणि १८२९ चा मुक्ती कायदा केला कोणी? टोरींच्या वेलिंग्टनने, जे कॅथलिकांचे विरोधक मानले जायचे त्यांनी. पण त्याच वेळी मतदानासाठी जमिनीच्या उत्पन्नाची अट चाळीस शिलिंगवरून दहा पौंडांवर नेली. ज्या छोट्या कुळांनी ओकॉनेलला निवडून दिलं होतं, त्यांच्यापैकी बहुतेकांचं मत गेलं. वकील, व्यापारी संसदेत गेले, गरीब यादीतून बाहेर पडले. हा भाग मी मुद्दाम सांगतो, कारण 'आपल्या माणसाला तिकीट मिळालं' म्हणून पेढे वाटताना आपण यादी तपासत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९०९ मध्ये इंग्रजांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले. मुसलमानांनी मुसलमानालाच निवडायचं. वरून बघता सोय वाटते. पण मग दुसऱ्या उमेदवाराला तुमच्या गल्लीत यायचं कारणच उरत नाही. संविधान सभेत याच्यावर खूप बोलणं झालं. बेगम ऐझाज रसूल, सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला, यांनी वेगळे मतदारसंघच नव्हे तर मुसलमानांसाठी राखीव जागाही नकोत अशी भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं होतं की अशाने अल्पसंख्याक कायमचे बाजूला पडतील. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्यात आल्या. यामागची आशा साधी होती. एकच यादी असेल, एकच मतपेटी असेल, तर प्रत्येक उमेदवाराला प्रत्येक दारात यावं लागेल.

माझं स्पष्ट मत आहे, तुम्हाला पटेल न पटेल, की ती आशा आज दोन आघाड्यांच्या भिंतीवर आपटते आहे. एका बाजूचा हिशोब असा की मुसलमानांची मतं आपल्याला मिळणार नाहीत, मग त्यांच्याकडे जायचं कशाला? गेलो तर आपली मतं जातील. दुसऱ्या बाजूचा हिशोब असा की ते जातील कुठे? मग त्यांच्याकडे जायचं कशाला? कायद्यात नसलेला वेगळा मतदारसंघ असा तयार होतो. त्याला कलम नाही, यादी नाही, म्हणून तो रद्दही करता येत नाही.

आणि यावर कोणी तिसरं काही बोललं की लगेच 'बी टीम'. हा आरोप दरवेळी खोटा असतो असं मी म्हणत नाही, मोजणीचा नियम मघाशी सांगितलाच. पण निदान बेरीज तरी करा. २०१९ ला याच यवतमाळ-वाशिममध्ये भावना गवळी जिंकल्या, माणिकराव ठाकरे हरले. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी दिवस ऐकत होतो की वंचितने मतं खाल्ली. अंतर होतं १ लाख १७ हजारांच्या वर. वंचितच्या उमेदवाराला मिळाली होती ९४ हजारांच्या आसपास. त्यातलं एकूण एक मत काँग्रेसला पडलं असतं तरी निकाल बदलला नसता. उलट २०२४ ला धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव अवघ्या ३,८३१ मतांनी जिंकल्या, तिथे तिसरा उमेदवार जोरात असता तर नक्की फरक पडला असता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जागेनुसार हिशोब करावा लागतो, आणि तो मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. त्यासाठी इंजिनियर लागत नाही.

कोणी म्हणेल, मग आपलाच पक्ष काढू. मालेगाव बघा. तिथे मतदार बहुसंख्य मुस्लिम. म्हणून काय एकच पक्ष झाला? तिथेही दोनच झाले. निहाल अहमद समाजवादी, १९७८ पासून सलग आमदार, समोर काँग्रेसचे शेख रशीद, त्यांनी १९९९ ला निहालभाईंना हरवलं. आज नावं बदलली, दोन बाजू तशाच. २०२४ ला एमआयएमचे मुफ्ती इस्माईल तिथे फक्त १६२ मतांनी निवडून आले आणि हरलेले आसिफ शेख हेही मुस्लिम, शेख रशीद यांचेच चिरंजीव. मला हे वाईट वाटत नाही. तिथे दोघांनाही प्रत्येक गल्लीत जावंच लागतं, कारण कोणाचीच मतं गृहीत नाहीत. फक्त महाराष्ट्रात अशी मालेगावं किती? बोटावर मोजण्याइतकी. यवतमाळ जिल्ह्यात एकही नाही. इथल्या सात विधानसभा जागांपैकी राळेगाव, आर्णी अनुसूचित जमातींसाठी आणि उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव. उरल्या चार. आपल्या जिल्ह्यातून आर्णीचे ख्वाजा बेग, पुसदचे डॉ. वजाहत मिर्झा आमदार झाले, पण विधान परिषदेवर. म्हणजे पक्षाने वरून नेलं, लोकांच्या मतपेटीतून नाही.

२०२४ च्या विधानसभेत राज्यात दहा मुस्लिम आमदार आले. २८८ पैकी दहा. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेअकरा टक्के. संख्या कमी आहे, ते तुम्ही सगळीकडे वाचलं असेल. एक गोष्ट कमी लिहिली गेली. हे दहा जण सहा वेगवेगळ्या पक्षांतून आलेत. काँग्रेस, समाजवादी, एमआयएम, दोन्ही शिवसेना, आणि अजित पवारांची राष्ट्रवादी. हसन मुश्रीफ आणि अब्दुल सत्तार महायुतीत, अमीन पटेल समोरच्या बाकावर. म्हणजे एकगठ्ठा, एकगठ्ठा म्हणून आपल्याला चिडवतात तो गठ्ठा निवडून आलेल्यांमध्ये तरी दिसत नाही.

आता शेवटचा किस्सा सांगतो आणि बसतो. आमच्या गावात नगरपरिषदेची निवडणूक होती. प्रभागात दोन जागा, म्हणजे प्रत्येक मतदाराला दोन मतं. आमचा प्रश्न एकच होता, उर्दू शाळेच्या मागची नाली. पावसाळ्यात पोरं विटांवर पाय ठेवत शाळेत जातात. आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलं की दोन्ही आघाड्यांच्या उमेदवारांना एकाच वेळी चौकात बोलवायचं. भाषण नाही, हार नाही, फक्त नाली. मी स्वतः दोन्हीकडे फोन केले.

पहिल्यांचा माणूस हसून म्हणाला, "अरे भाई, तुमची मतं तर आमचीच आहेत, वेळ कुठे घालवता?"

दुसऱ्यांचा माणूस तितक्याच प्रेमाने म्हणाला, "भाऊ, तुमची मतं काही आम्हाला मिळत नाहीत, उगाच वेळ कशाला घालवता?"

ठरल्या वेळी आम्ही चौकात दोन खुर्च्या ठेवल्या. दोन्ही रिकाम्या. तरी सभा झाली. बायका जास्त बोलल्या, पुरुष कमी. शाळेतल्या एका मुलीने नाली किती फूट आहे ते टेपने मोजून आणलं होतं. ते आम्हा कोणाला सुचलं नव्हतं. त्या रिकाम्या खुर्च्यांचा फोटो कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकला आणि रात्रीतून गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक जण आला. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी दुसरा. दोघांनीही त्या मुलीकडून फुटांचा आकडा लिहून घेतला. अब्बा दोन्ही वेळा ओट्यावर बसून बघत होते. दुसरा गेल्यावर मला म्हणाले, "ये वाला पहली बार आया अपनी गली में."

नाली अर्धी झाली आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी येत्या रविवारी पुन्हा दोन खुर्च्या ठेवणार आहोत. असरच्या नमाजानंतर, त्याच चौकात. ज्यांना जमेल त्यांनी या, टेप आमच्याकडे आहे.